शंकरपाळ्यांची गोधडी: नौपाड्यातल्या एम्ब्रॉयडरीवाल्या ताईंचा रिव्ह्यू

भाचीला बाळ होणार होतं आणि आईच्या तीन सुती साड्या, त्यातली एक इरकल, कपाटात कित्येक वर्षं नुसत्या पडून, म्हणून म्हटलं गोधडीच करून घेऊया. हाताने टाके घालणं माझ्याच्याने होणार नाही हे मला माहितीये. ठाण्यात गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एक ताई घरातूनच मशीन एम्ब्रॉयडरीचं काम घेतात, बोर्डबिर्ड काही नाही, मैत्रिणीने सांगितलं म्हणून गेले. नंबर इथे टाकत नाही, त्यांनाच नकोय.

त्यांच्याकडे शंकरपाळ्याच्या आकाराचे तयार डिझाइन आहेत, पंचिंग केलेले, म्हणजे मशीनला वाचता येईल अशी फाइल केलेले. फ्रेममध्ये आधी पेपर (कापडाला आधार द्यायला), त्यावर पातळ वॅडिंग, म्हणजे आतला मऊ थर, त्यावर साडीचा तुकडा, मशीन आत नक्षी काढते आणि शेवटी कडेने शंकरपाळ्याची एक रेघ मारते. मग त्या रेघेच्या बाहेर पाव इंच सोडून कापायचं आणि जोडताना बरोब्बर त्या रेघेवरून शिवायचं. मला वाटायचं एवढी खटपट कशाला, कापड कापून जोडा ना सरळ. तर त्या म्हणाल्या, अहो शंकरपाळ्याच्या निदान दोन कडा उरेबात, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरक्या येतात, जरा ओढलं की ताणतात आणि टोकं जुळत नाहीत. पेपर आणि वॅडिंगला टाचलेलं असलं की कापड हलत नाही. हे पटलं.

त्यांची फ्रेम ५ बाय ७ इंचाची, त्यात ४ इंच बाजूचा शंकरपाळा जेमतेम बसतो कारण त्याची लांबीच जवळपास ७ इंच होते. ३६ बाय ४५ इंचाच्या गोधडीला कडेचे अर्धे धरून १२० च्या आसपास तुकडे लागले. एकेका तुकड्याला १५-२० मिनिटं, म्हणजे नुसती मशीनच ३० ते ४० तास चालली, जोडणी वेगळीच. त्यामुळे ६,५०० रुपये ऐकून पहिल्यांदा जे पोटात गोळा आला तो हा हिशोब केल्यावर गेला. कापड माझंच होतं हे मात्र लक्षात घ्या.

आता खरी गोष्ट. पहिलं सॅम्पल बघून मी जवळजवळ नाहीच म्हणणार होते. गच्च भरलेलं कमळ, दिसायला एक नंबर, पण हात लावला तर पुठ्ठा! त्यात तो खालचा पेपर, धुतला तरी न निघणारा. असल्या गोधडीत बाळाला गुंडाळणार कसं? मी तसं तोंडावर सांगितलं तर ताई रागावल्या नाहीत, दोन दिवसांनी दुसरं सॅम्पल दिलं, नुसत्या एकेरी रेघेची वेल, मध्ये मोकळी जागा आणि खाली फाडून काढता येणारा पेपर. ते छान मऊ झालं. तुम्ही करून घेणार असाल तर भरीव डिझाइनच्या नादाला लागू नका, ते भिंतीवर लावायला ठीक आहे. आणि साड्या आधी धुऊन द्या, आमच्या इरकलीचा लाल रंग बादलीत जो उतरला तो बघून आईचा चेहराच पडला, पण गोधडीत उतरला असता तर काय?

मांडणी मी तीन रंगांची सांगितली, फिका, मधला, गडद. तीन शंकरपाळे जुळून षटकोन होतो आणि लांबून बघितलं की खोकी रचून ठेवल्यासारखी दिसतात, माझा नवरा दोनदा हात फिरवून बघत होता खरंच उंचवटा आहे का. पण हे सरळ ओळीत शिवून होत नाही, प्रत्येक खोक्यात तिसरा तुकडा खाचेत बसवावा लागतो, त्याचे त्यांनी वेगळे ८०० घेतले. सहा टोकं एकत्र येतात तिथे दोन-तीन जागी कापडाची गाठ झाली होती, बोटाला टोचेल अशी. दाखवल्यावर उसवून मागची शिवण पंख्यासारखी एकाच दिशेने फिरवून बसवली, पैसे न घेता. मला हे आवडलं.

वेळेच्या बाबतीत मात्र राम राम. गणपतीआधी देते म्हणाल्या, मिळाली नवरात्रात, आणि मधे व्हॉट्सअ‍ॅपला नुसते दोन निळे टिक. बाळ आधीच येऊन बसलं होतं! पाच पैकी चार देतेय, तो एक याच्यासाठी कापला. डोहाळजेवणाला वगैरे द्यायची असेल तर तीन महिने आधी सांगा.

शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन जाऊ नका, स्टेशनवरून चालत सोपं पडतं. उरलेल्या इरकलीच्या काठाचं काय करायचं हे आईने ठरवलं नाहीये अजून, ती म्हणतेय मला पण एक छोटी, मांडीवर घ्यायला.