फराळाच्या कढईत पामोलिन, सोयाबीन की घाण्याचं तेल?

दिवाळीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बचत गटांत दरवर्षी तेलाच्या भावाचा हिशोब होतो. तेल कुठल्या जमिनीतून आलं, हे त्या हिशोबात येत नाही. मला तेच आधी बघावंसं वाटतं.

पामोलिन म्हणजे पामतेलाचाच पातळ भाग. स्वस्त, तळणीत टिकणारं. जगातलं ८० टक्क्यांहून जास्त पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सुमात्रा आणि बोर्निओत त्यासाठी जंगलं तोडली गेली, ओरांगउटानची घरं गेली. हजारो वर्षांचा पालापाचोळा साचलेल्या दलदली चर खणून सुकवल्या. अशी जमीन पेटली की आत आत धुमसत राहते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं आणि धूर सिंगापूरपर्यंत पोचला. माणसांचं दुःखही आहेच. तिथल्या आदिवासींच्या जमिनी मळ्यांत गेल्या. सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून अमेरिकेनं २०२० मध्ये मलेशियातल्या दोन मोठ्या कंपन्यांचं पामतेल अडवलं. पण याच झाडावर तिथल्या लाखो छोट्या शेतकऱ्यांची चूलही पेटते.

मग सोयाबीन? पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन जेमतेम अर्धा टन. सगळ्यांनीच पाम सोडून सोयाबीन धरलं तर कितीतरी जास्त जमीन लागेल. आणि सोयाबीन म्हणजे लातूर-अकोल्याचंच, असं धरून चालू नका. आपल्याकडे हे तेल अर्जेंटिना, ब्राझीलमधूनही येतं, आणि ब्राझीलच्या सेराडो पट्ट्यातली झाडी सोयाबीनसाठीही साफ झाली आहे. पिशवीवरून यातलं काही कळत नाही.

घाण्याचं शेंगदाणा तेल महाग, तेही हेक्टरी पामच्या जवळपास जात नाही. पण भुईमूग जमिनीला नत्र देतो, पेंड गुरांना जाते, आणि घाणेवाल्याला दाणे कुठले हे तोंडावर विचारता येतं.

जंगलतोड न करता पिकवलेल्या पामतेलासाठी आरएसपीओचं, म्हणजे पामतेल कंपन्या आणि पर्यावरण संस्थांनी मिळून चालवलेल्या मंडळाचं, प्रमाणपत्र असतं. २०१८ पासून त्याचे नियम कडक झाले. तसा शिक्का असलेला डबा मिळाला तर मी पामोलिनला नाही म्हणणार नाही. किराणा दुकानात तो सहसा दिसत नाही, म्हणून माझा कौल घाण्याच्या तेलाला. चकली-शेवेचा दर किलोमागे थोडा वाढवा आणि गिऱ्हाइकाला कारण सांगा. तेवढं परवडत नसेल तर निदान लाडू-करंजीच्या ऑर्डरींत वनस्पती तुपाऐवजी साजूक तूप धरा. वनस्पती तुपातही बहुतेक वेळा पामच असतो.