टायरमधली हवा काढून मला विकलेला आराम

माझे ₹१,१८,५०० गेले. ज्यासाठी ते मोजले, तो आराम केवळ टायरमधली हवा कमी करून मला भासवण्यात आला होता, हे लिहिताना आजही कानशिले तापतात. बत्तीस वर्षे लेखापरीक्षणात इतरांच्या बिलांवर लाल शेरे मारणाऱ्या माणसाने कच्च्या चिठ्ठीवर पैसे द्यावेत, यासारखी नामुष्की नाही.

निवृत्तीनंतर आम्ही एका प्रवासी व्हॅनवर मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, बांधून घेतली होती. शेजारून ट्रक गेला की ती डोलत असे आणि खड्ड्यात मागचा भाग असा आदळे की पत्नीच्या कंबरेची दुखणी दोन दिवस पुरत. नागपुरात अमरावती मार्गावरील एका गॅरेजवाल्याने चार नवे शॉकअप ₹३८,०००, मागे एअर सस्पेन्शनचे (हवेवर हादरे झेलणारे) फुगे व त्यांत हवा भरणारा कंप्रेसर ₹५६,०००, अँटी-रोल बार (डोलणे कमी करणारा दांडा) ₹१६,५०० आणि मजुरी ₹८,००० असा हिशेब दिला. मी ₹५०,००० यूपीआयने दिले. काढलेले जुने शॉकअप मागितले तेव्हा ‘ते भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले. जुना भाग समोर ठेवत नसेल त्याला उरलेला पैसा देऊ नये.

गाडी दाखवायला त्याने आम्हाला रिंग रोडच्या गुळगुळीत सिमेंटवर नेले आणि विचारले, “काकाजी, पोटातलं पाणी तरी हललं का?” खरोखर हलले नव्हते. पत्नी म्हणाली, “अहो, आज कंबर दुखली नाही,” आणि त्या एका वाक्यावर मी ₹६८,५०० रोख मोजले. जीएसटी वाचेल हा मोहही होता, हे कबूल करतो.

परतताना पंपावर हवा तपासली. मी नेहमी ६० पीएसआय ठेवतो. काटा ४२ दाखवत होता. भरणारा मुलगा म्हणाला, “काका, हवा लय कमी हाय.” मी गॅरेजवाल्याला फोन केला, तर ‘नव्या सस्पेन्शनला एवढीच चालते’ असे त्याने सांगितले, आणि मी त्या मुलाला हात हलवून थांबवले. तो हात मला अजून दिसतो. हवा कमी केली की टायर हादरे गिळतो, पण त्याची बाजू लवचिक होऊन स्टिअरिंगला उत्तर उशिरा मिळते, गाडी अधिक डोलते आणि टायर तापतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. फक्त ते त्या क्षणी ठाऊक असणे गैरसोयीचे होते.

चिखलदऱ्याच्या घाटात प्रत्येक वळणावर गाडी बाहेर झुकू लागली. थांबून पाहिले, तर टायरला हात लावणे अशक्य होते. परतवाड्यात हवा पुन्हा ६० केली आणि सगळे जुने हादरे हजर झाले. दुसऱ्या मेकॅनिकने शॉकअपवरचा रंग नखाने खरवडला. खाली गंज आणि गळणारे तेल होते. फुग्यांची नळी कंप्रेसरला न जोडता पट्टीने चासीला बांधलेली होती. माझ्याच गाडीचा मूळ दांडा लाल रंगवून मला ‘अँटी-रोल बार’ म्हणून विकला होता.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून वाटेला लावले. दुसऱ्या सरकारी कार्यालयात तीन टेबले फिरल्यावर साहेबांनी मलाच विचारले, ‘व्हॅनचे मोटरहोम केल्याची नोंद आर.सी.वर आहे का?’ नोंद आहे, आणि ती आवश्यकच असते. पण चोराचे नाव सांगायला गेलेल्याच्याच खिशात हात घालायचा, ही कोणती रीत? ऑनलाइन तक्रार ‘निकाली’ असा संदेश देऊन बंद झाली; काय निकालात निघाले, ते कोणी सांगितले नाही. शेवटी ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, हे मला तिथे कळले. मात्र रोख दिलेल्या ₹६८,५००चा कागद माझ्याकडे नाही.

मूळ दोष तर निराळाच होता. धर्मकाट्यावर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल स्वतंत्रपणे तोलला, तेव्हा दीडशे लिटरची पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्याही पलीकडे लोंबकळत असल्याचे लक्षात आले. ती पुढे सरकवायला ₹६,२०० लागले आणि निम्मे डोलणे थांबले. कोणत्याही गॅरेजात जाण्याआधी काट्यावर जा. दांड्यावरचा लाल रंग मात्र वकिलांनी खरवडू दिलेला नाही. तो पुरावा आहे.