पुण्याजवळचा एक वृद्धाश्रम : दिवसाची सेवा आणि रात्रीची सेवा

पुणे शहराच्या हद्दीबाहेर असलेल्या या वृद्धाश्रमात सुमारे साठ ज्येष्ठ राहतात. त्यांतील निम्म्याहून अधिक जण हिंडतेफिरते आहेत, बाकीच्यांना उठण्याबसण्यापासून मदत लागते आणि काही जण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेले आहेत. माझी आत्या येथे दाखल झाली तेव्हा पहिल्या गटात होती आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर दुसऱ्या गटात गेली, त्यामुळे एकाच संस्थेच्या सेवेचे दोन निराळे दर्जे आम्हाला जवळून पाहायला मिळाले. ज्याला स्वतःचे स्वतः करता येते त्याच्यासाठी ही जागा उत्तम आहे. परावलंबी माणसासाठी ती दिवसा चांगली आणि रात्री अपुरी आहे. संस्थेचे नाव येथे दिलेले नाही, कारण पुढे मांडलेल्या उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत.

चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांना जे दाखवले जाते ते खरोखरच चांगले आहे. खोल्या हवेशीर आहेत, अंगणात सावली आहे, संध्याकाळी हरिपाठ होतो, वाचनालयात त्या दिवशीचे वर्तमानपत्र त्याच दिवशी मिळते. स्वयंपाक साधा आणि ताजा असतो. ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी भाकरी आमटीत कुस्करून, भात मऊ करून वेगळे ताट येते आणि ते ताट इतरांइतकेच गरम असते, ही बाब छोटी असली तरी स्वयंपाकघराच्या वृत्तीबद्दल बरेच सांगते. न्हाणीघरातील फरशी खडबडीत आहे आणि कमोडच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांड्या आहेत. अनेक ठिकाणी दांडी एकाच बाजूला, भिंतीच्या सोयीने बसवलेली असते आणि ज्याची तीच बाजू लुळी पडली आहे त्याला तिचा काडीचाही उपयोग नसतो. येथे कोणीतरी हा विचार केला आहे.

जेवणाच्या वेळांबाबत मात्र तक्रार आहे. रात्रीचे जेवण साडेसहाला आणि नाश्ता सकाळी साडेआठला, म्हणजे मध्ये चौदा तासांचा उपवास होतो. ही वेळ ज्येष्ठांच्या पचनासाठी ठरवली आहे असे सांगितले जाते, पण ती स्वयंपाकाच्या बायकांची शेवटची बस चुकू नये म्हणून ठरली आहे हे उघड आहे. बसची अडचण खरी आहे आणि तिच्याबद्दल कोणाला दोष देता येणार नाही. परंतु संध्याकाळी इन्शुलिन घेणाऱ्या माणसाची साखर पहाटे उतरली, तर घाम येणे, बरळणे, जाग न येणे ही लक्षणे ओळखायला त्या वेळी कोणीतरी जागे असावे लागते.

आणि इथेच या संस्थेची खरी उणीव सुरू होते. दिवसा प्रत्येक मजल्यावर तीन-चार मावशी आणि एक सिस्टर असतात. रात्री संपूर्ण मजल्याला एक मावशी असते, आणि तीही बहुधा ब्युरोकडून, म्हणजे मावशी पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेली, दिवसपाळी कुठेतरी दुसरीकडे करून थकलेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, अशी शुश्रूषेतील जुनी रीत आहे. नाही तर माकडहाड, खुबा आणि टाचा यांवर सतत भार पडून तेथील रक्तपुरवठा कमी होतो आणि शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, सुरू होतात. एका मावशीने डायपर बदलणे, पाणी देणे, बेल वाजेल तिकडे धावणे आणि जड शरीराच्या माणसाला एकटीने वळवणे हे सगळे रात्रभर करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तरीही कागदावर सगळे घडत होते. आत्याच्या पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याच्या नोंदीचा तक्ता टांगलेला असतो. एका संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्या तक्त्यावर दुसऱ्या दिवशीच्या पहाटे सहापर्यंतच्या खुणा एकाच शाईने, एकाच हाताने आधीच भरलेल्या होत्या. त्या आठवड्यात आत्याच्या टाचेवर एक डाग दिसू लागला होता. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर अशी सुरुवात लाल दिसेलच असे नाही; ती जागा भोवतालच्या त्वचेपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागते आणि म्हणून ती नुसती पाहून भागत नाही, हात लावून पाहावी लागते. बोलावण्याची बेलही तिच्या लुळ्या हाताच्या बाजूला लावलेली होती. व्यवस्थापकांनी बेलची जागा त्याच दिवशी बदलली आणि टाचेखाली उशी आली, डाग वाढला नाही. तक्त्याबद्दल मात्र समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

औषधांची व्यवस्था बरीच शिस्तशीर आहे. प्रत्येकाचा नावाचा डबा आहे, गोळी दिल्यावर सिस्टर सही करते आणि आठवड्यातून एकदा डॉक्टर येतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या किती जणांना, कोणाच्या सांगण्यावरून सुरू आहेत. रात्री माणसे कमी असली की अशा गोळ्यांचा मोह वाढतो. त्यांनी वृद्ध माणूस शांत झोपतो हे खरे, परंतु मध्यरात्री लघवीला उठताना त्याचा तोल जाण्याचा धोकाही त्यांनीच वाढतो. येथे अशा गोळ्या डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय दिल्या जात नाहीत, हे आम्ही कागद पाहून खात्री करून घेतले आहे. खुर्चीला ओढणीने बांधून ठेवलेले कोणी आढळले नाही, हेही नमूद करायला हवे. वजनाची वही मात्र असून नसल्यासारखी आहे. महिन्याभरात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरणे ही गंभीर खूण मानली जाते, आणि ती कळण्यासाठी दर महिन्याला वजन करण्याखेरीज दुसरा उपाय नाही. काही पानांवर सलग तीन महिने तोच आकडा होता.

दिवसपाळीच्या मावशींबद्दल तक्रारीला जागा नाही. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. झटक्यानंतर तिचे बोलणे अस्पष्ट झाले, तरी तिला अंघोळ घालणारी मावशी आजही तिला ‘बाई’ म्हणूनच हाक मारते, आधी विचारते, मग हात लावते, आणि तिचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते. अंघोळीच्या वेळी दाराचा पडदा ओढलेला असतो. हे शिकवून येत असेल तर त्याचे श्रेय संस्थेचे आहे, आणि उपजत असेल तर अशा बाईला टिकवून ठेवण्याइतका पगार देणे हे तरी संस्थेचेच काम आहे.

या सगळ्याची बाहेरून तपासणी कोण करते, हा प्रश्न उरतो. इंग्लंडमध्ये ‘केअर क्वालिटी कमिशन’ ही यंत्रणा 2009 पासून अशा निवासांची तपासणी करते, त्यांना श्रेणी देते आणि तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. आपल्याकडे 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण अधिनियमाच्या कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, पण कुटुंबाने जागा निवडण्यापूर्वी उघडून वाचावा असा सर्व खासगी वृद्धाश्रमांचा तपासणी-अहवाल नाही. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असल्यास 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा आधार घेता येतो आणि ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनीही आहे. दोन्ही उपाय नुकसान झाल्यानंतरचे आहेत. त्यामुळे तपासणी नातेवाइकांनाच करावी लागते, आणि ती रविवारी सकाळी अकराला करून उपयोग नाही. रात्री नऊनंतर न सांगता जाऊन पाहावे. ज्या संस्थेला ते चालत नाही, तिथे त्याचे कारण विचारावे. येथे आमच्यासाठी दार उघडले गेले, नाराजीने का होईना.

करारनाम्यातील दोन कलमांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘रहिवासी परावलंबी झाल्यास नातेवाइकांनी त्यास घेऊन जावे’ अशा आशयाचे कलम अनेक ठिकाणी असते. येथे ते नाही, त्याऐवजी मासिक शुल्क जवळपास दुप्पट होते आणि ही वाढ प्रवेशाच्या वेळी तोंडी सांगितली जात नाही. दुसरे कलम अनामत रकमेचे. ती किती दिवसांत परत मिळेल, मृत्यूनंतर कोणाच्या नावे मिळेल आणि दुरुस्तीच्या नावाखाली त्यातून काय कापले जाईल, हे लेखी घ्यावे. रात्री रुग्णालयात न्यावे लागल्यास सोबत कोण जाईल, हेही त्यातच लिहून घ्यावे, कारण एकुलती एक मावशी रुग्णवाहिकेत बसली तर मजल्यावर कोणीच उरत नाही.

पत्नी किंवा पती गेल्यानंतर एकट्या पडलेल्या, हातीपायी धड असलेल्या माणसासाठी आम्ही हा वृद्धाश्रम निःशंकपणे सुचवू. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी तो निवडायचा असेल, तर रात्रीसाठी स्वतंत्र मावशीचा खर्च शुल्काव्यतिरिक्त धरावा. आम्ही सध्या तेच करतो. आमच्यासह काही कुटुंबांनी लेखी मागणी केल्यावर रात्री नऊला दूध आणि राजगिऱ्याचा लाडू किंवा बिस्किटे देणे सुरू झाले आहे. मजल्यावर रात्री दुसरी मावशी नेमण्याबाबतचे पत्र विश्वस्तांकडे आहे आणि त्यावर अजून उत्तर आलेले नाही.