सात महिने स्टिरिओस्कोपमधून डोंगर पाहताना

होम्स पद्धतीचा लाकडी स्टिरिओस्कोप (किंचित वेगळी दोन छायाचित्रे दोन डोळ्यांना एकेक दाखवून खोलीचा भास देणारे यंत्र) आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्याच्या अशा जुन्या जोडचित्रांचा पुनर्मुद्रित संच घेऊन मला सात महिने झाले. अमेरिकन डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हे हातात धरायचे यंत्र १८६१ मध्ये बनवले आणि त्याचे पेटंटही घेतले नाही. त्याच वर्षी छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स सुमारे १८ × २२ इंची काचांचा अवाढव्य कॅमेरा आणि सोबत स्टिरिओ कॅमेराही घेऊन या खोऱ्यात गेले होते.

सुरुवातीला सगळी आकाशे कोरी पांढरी दिसली, तेव्हा मी छपाईलाच दोष दिला. दोष छपाईचा नव्हता. तेव्हा छायाचित्र ओल्या कोलोडियनची काच (चिकट, प्रकाशसंवेदी थर दिलेली काच) वापरून घेत; ती निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देते, त्यामुळे कड्याचा तपशील उमटेपर्यंत आकाश जादा प्रकाशाने पांढरे पडून जाई.

खरी गंमत खोलीची आहे. कॅमेऱ्याच्या दोन भिंगांत साधारण दोन डोळ्यांइतकेच अंतर असल्याने दूरच्या कड्याची दोन्ही चित्रे जवळजवळ सारखीच येतात. म्हणून पाइनची फांदी अगदी नाकाशी येते आणि मागचा एल कॅपिटन हा कडा नाटकातल्या पडद्यासारखा सपाट राहतो. हे ठाऊक असलेले छायाचित्रकार पुढ्यात झाड किंवा खडक मुद्दाम शोधत, आणि पाहणारा आपोआप एखाद्या कड्याच्या टोकावर एकटा उभा राही. डोंगर म्हणजे समोर उभे राहून निरखायची निर्मनुष्य जागा, ही कल्पना रुजवण्यात या मांडणीचा वाटा मला मोठा वाटतो. १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने हे खोरे सार्वजनिक वापरासाठी कॅलिफोर्नियाकडे सोपवले गेले, त्यामागेही वॉटकिन्स यांच्या चित्रांचा प्रभाव मानला जातो. मात्र ते निर्मनुष्य कधीच नव्हते: तिथे राहणाऱ्या अहवाहनीची लोकांना १८५१ मध्येच सशस्त्र तुकडीने हुसकावले होते. संचासोबतच्या पुस्तिकेत याबद्दल अवाक्षर नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार.

बाकी तक्रारी किरकोळ आहेत. चष्मा लावून डोळे यंत्राच्या डोळ्यांभोवतीच्या आडोशात नीट बसत नाहीत, आणि जोडचित्राचा पत्ता (कार्ड) धरणारी सरकपट्टी चौथ्या महिन्यात सैल झाली. एका पत्त्यावर मात्र डावे-उजवे चित्र चक्क उलट छापले होते, त्यामुळे पुढचे झाड कड्यात कोरलेल्या भोकासारखे दिसे. विक्रेत्याने उत्तर दिले नाही, तेव्हा मीच पत्ता मधोमध कापून बाजू बदलून चिकटवला. झाड पुढे आले. कडा होता तसाच सपाट राहिला.