नाशिकच्या गच्चीवर दुर्बिणीचा नेम का चुकतो: एससीटी, डॉब की कॅमेरावाला ईक्यू?

दिवाळीनंतर मामेभावाने विचारलं, दादा आठ इंची गोटो (सांगितलेल्या ताऱ्याकडे मोटरने आपोआप वळणारी दुर्बीण) घेऊ की साधा डॉब (हाताने ढकलून फिरवायची आरशाची दुर्बीण), आणि तुझी दुर्बीण रात्री दहा-अकरानंतर भलतीकडेच का बघायला लागते ते आधी सांग. माझ्याकडे आठ इंची श्मिट-कॅसेग्रेन आहे, दोन आरशांची आखूड दुर्बीण, एससीटी म्हणतात ती, एका हाताच्या गोटो माउंटवर (माउंट म्हणजे दुर्बीण पेलणारं, फिरवणारं यंत्र). शेजारच्या काकांकडे आठ इंची डॉब आणि ऑफिसातला एक मित्र फोटोवाला, त्याची ८० मिलिमीटरची छोटी रिफ्रॅक्टर (भिंगांची दुर्बीण) ईक्यू माउंटवर, म्हणजे ज्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखून लावतात त्या माउंटवर. तिन्हींबरोबर इथल्याच थंडीत रात्री काढल्यात, त्यामुळे इथे फक्त तापमान आणि नेम एवढंच बोलतो, शनीची कडी कशातून छान दिसते हा वाद वेगळा आणि तो कधी संपत पण नाही.

आधी नाशिकचं गणित. बाहेरच्या लोकांचं वाचलं तर उणे वीस, ग्रीस घट्ट झालं, बॅटरी मेली वगैरे. आपल्याकडे निफाडला पारा खूप खाली गेला की पेपरात शेकोट्यांचे फोटो येतात, द्राक्षवाल्यांची झोप उडते, पण माउंटचं ग्रीस त्याने गोठत नाही. बॅटरीचं म्हणाल तर साधे पेन्सिल सेल नका लावू, लिथियमवाला पॅक घ्या, विषय संपला. आपला त्रास आहे फरकाचा. जानेवारीत दुपारी २८ च्या आसपास आणि पहाटे ८-९, म्हणजे तुम्ही संध्याकाळी सातला अलाइनमेंट करता (ओळखीचे तारे दाखवून माउंटला आकाशाची दिशा शिकवता) ती एका दुर्बिणीची असते आणि मध्यरात्री वापरता ती थोडी वेगळीच दुर्बीण असते.

वेगळी म्हणजे किती? एक मीटर अॅल्युमिनियम एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन आक्रसतं, लोखंड १२. ऐकायला काहीच नाही. आणि गंमत अशी की नळी चारी बाजूंनी सारखीच गार झाली तर ती फक्त आखूड होते, दिशा बदलत नाही, त्यामुळे नेमही जागेवर राहतो. घोळ होतो एक बाजू गरम आणि एक गार असली की, मग ती वाकते. एका ओळखीच्यांनी गच्चीवर सहा इंची लोखंडी पाइपचा मीटरभर उंच खांब ठोकलाय, काळा रंग दिलेला (का ते देव जाणे), त्याच्या पश्चिमेच्या अंगाला संध्याकाळचं ऊन. दोन बाजूंत दहा अंशांचा फरक धरा, तर एक बाजू ०.१२ मिलिमीटर लांब, आणि तेवढ्यात वरचं टोक पावणेतीन आर्कमिनिट (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक आर्कमिनिट, पुढे नुसतं मिनिट म्हणतो) कलतं. पूर्ण चंद्र ३० आर्कमिनिटांचा असतो, म्हणजे चंद्राच्या अकराव्या भागाएवढा नेम नुसता उन्हाने गेला. ऊन गेल्यावर तासाभरात खांब सरळ होतो, पण तोवर तुमची अलाइनमेंट झालेली असते. पांढरा रंग द्या आणि खांबाला हात लावून दोन्हीकडे सारखाच गार लागला की मगच तारे धरा, बाकी खांब चांगलाच.

आता माझी एससीटी, हिच्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण जास्त जण हीच घेतात आणि हिचा रोग सरळ नाहीये. दोन आरशांमधलं अंतर आठ इंचीत साधारण ३०० मिलिमीटर, नळी १५ अंश गार झाली की ते ०.१ मिलिमीटरने कमी होतं. पण पुढचा छोटा आरसा फोकल लेन्थ (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) पाचपट करतो, म्हणून फोकसची जागा त्याच्या वर्गाने, म्हणजे जवळपास पंचवीसपट सरकते, हिशोबाने अडीच मिलिमीटर. मग तुम्ही काय करता, मागचा नॉब फिरवता. तो नॉब आख्खा मोठा आरसा पुढेमागे सरकवतो, आणि आरसा मधल्या नळीवर किंचित सैल बसलेला असतो, म्हणून सरकता सरकता तो थोडा कलतो आणि आयपीसमधला (डोळा लावायच्या भिंगातला) गुरू टुणकन बाजूला उडी मारतो. म्हणजे थंडीने नेम थेट बिघडवला नाही, थंडीने फोकस बिघडवला आणि नेम आपण आपल्या हाताने बिघडवला! मला हे कळायला दोन हिवाळे गेले, तोवर मी बिचाऱ्या माउंटच्या गिअरला शिव्या घालत होतो.

यात फरक पडतो तो तुम्ही काय बघता त्यावर. २५ मिलिमीटरच्या आयपीसमध्ये या दुर्बिणीत ८१ पट मोठं दिसतं आणि आकाशाचा अर्ध्या अंशाहून थोडा जास्त तुकडा असतो, तिथे तीन मिनिटांची चूक झाली तर वस्तू मध्यावर नसते एवढंच. पण ग्रहांसाठी लहान सेन्सरचा कॅमेरा लावला, ५.६ बाय ३.२ मिलिमीटरवाला, तर फ्रेम साडेनऊ बाय साडेपाच मिनिटांचीच. मध्यापासून कडेपर्यंत उभ्यात पावणेतीन मिनिटं. गेला की गुरू बाहेर. आणि मग काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं, कुठल्या बाजूला गेला ते कळत नाही, बायको खालून विचारते झालं का.

उपाय आहेत तसे. साडेपाचलाच दुर्बीण गच्चीवर ठेवायची, अलाइनमेंट नऊला परत करायची, फोकस करताना शेवटचा फिरवा घड्याळाच्या उलट दिशेने द्यायचा म्हणजे आरसा वजनाविरुद्ध वर ढकलला जाऊन बसतो. मागे वेगळा क्रेफोर्ड फोकसर (आरसा न हलवता आयपीस किंवा कॅमेराच पुढेमागे सरकवणारा) लावला तर मोठ्या आरशाला रोज हात लावावा लागत नाही, हा सगळ्यात चांगला उपाय आणि अर्थातच सगळ्यात खर्चिक.

अजून एक, आणि हे तिन्हींना लागू. गच्चीचा स्लॅब दिवसभर वरून तापतो, खालून घराच्या सावलीत गार, त्यामुळे मधोमध किंचित फुगतो आणि रात्री परत बसतो. ट्रायपॉड मधोमध असेल तर त्याचे पाय त्याच्याबरोबर हलणारच, भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवा. मी पाण्याच्या टाकीजवळून जिन्याच्या भिंतीवर आलो, आता अलाइनमेंट जास्त वेळ टिकते. गंगापूर धरणाकडे किंवा त्र्यंबकच्या रस्त्याला मातीवर मांडली तर स्लॅबची भानगडच नाही, फक्त दव इतकं पडतं की लेन्स पुसण्यातच रात्र जाते.

फोटोवाल्या मित्राचा ईक्यू तापमानाला सगळ्यात कमी घाबरतो, आणि त्याचं कारण माउंट भारी आहे हे नाही. तो दर वेळी कॅमेऱ्याने एक फोटो घेतो, लॅपटॉप ताऱ्यांच्या आकृत्या ओळखून सांगतो की आपण इथे आहोत, आणि माउंट स्वतःला दुरुस्त करून घेतो. प्लेट सॉल्व्हिंग. नळी वाकली, खांब कलला, स्लॅब बसला, काही झालं तरी तो संध्याकाळच्या आठवणीवर चालत नाही, आत्ताचं आकाश बघून चालतो. शिवाय ४८० मिलिमीटर फोकल लेन्थ आणि मोठा सेन्सर, फ्रेमच पावणेतीन अंशांची, तीन मिनिटं त्यात कोणाला दिसतात. त्याला तापमान छळतं ते फोकसमध्ये, दर तीन-चार अंशांनी परत फोकस, नाहीतर तारे फुगतात. त्याने मोटर लावली त्यासाठी. ध्रुवतारा आपल्याकडे फक्त २० अंशांवर, अर्ध्या नाशिकला तो शेजाऱ्याच्या टाकीमागेच असतो, आणि इतक्या खाली हवा त्याला अडीच मिनिटं वर उचलून दाखवते. ही उचल हवा गार झाली की थोडी वाढते, २८ वरून ८ अंशांवर आलात तर जेमतेम १० आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे त्या मिनिटाचा साठावा भाग). याचं टेन्शन घेऊ नका.

डॉबचं काय सांगायचं, त्याला नेम आठवतच नाही तर बिघडणार काय. हाताने ढकला, शोधा, बघा. आरसा गार व्हायला तासभर लागतो, तोवर गुरू उकळत्या चहासारखा दिसतो, पण सापडायचा तो सापडतोच. काका तर म्हणतात अलाइनमेंट म्हणजे काय ते मला माहीतच नाही.

मोठ्या दुर्बिणींचंही हेच दुखणं असतं बरं का. पुणे रस्त्याला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत, पण २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीला त्यांची नजरच जवळपास चंद्राएवढी रुंद, एखादं मिनिट इकडेतिकडे चालून जातं. तरंगलांबी लहान झाली की लाड वाढतात, स्पेनमध्ये पिको वेलेटा डोंगरावरची ३० मीटरची डिश मिलिमीटर लहरी ऐकते तर तिच्या मागच्या सांगाड्याचं तापमान मुद्दाम सांभाळतात.

तर मामेभावाला सांगितलं ते असं. नुसतं बघायचंय, पोरांना दाखवायचंय, तर डॉब, डोळे झाकून. नेब्युलांचे (तेजोमेघांचे) फोटो काढायचेत तर ईक्यू आणि प्लेट सॉल्व्हिंग, पैसे जास्त जातील पण थंडीशी भांडण नाही. एससीटी घ्यायची तर ग्रहांसाठी घे, आणि क्रेफोर्डचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढ. मधलं काहीतरी, म्हणजे एससीटी घेऊन नॉबनेच फोकस करत ग्रहांचे फोटो, हे मी केलंय, तू नको करू. त्याने डॉब घेतला. आता रोज साडेपाचला दुर्बीण वर नेतो आणि वहिनी म्हणतात, गोधड्या वाळत घालायच्या कुठे मग?