'कोको क्योशी' (१९९३): मालिका अप्रतिम, पण हामुरा सरांना माफी नाही

'शोगुन' मालिकेतला तोरानागा आवडला असेल, तर हिरोयुकी सानादाला तरुण, भिडस्त मास्तर म्हणून बघच, असं म्हणून जपानीच्या वर्गातल्या मैत्रिणीने मला या मालिकेच्या डीव्हीडींचा संच दिला. एकूण अकरा भाग. टीबीएस वाहिनीवर १९९३ च्या जानेवारी ते मार्चमध्ये दर शुक्रवारी रात्री दहाला ती लागायची. लेखक शिन्जी नोजिमा. शेवटच्या भागाचं रेटिंग ३३ टक्क्यांवर गेलं होतं, आणि त्या काळी जपानात घराघरांत तिच्यावरून वाद झाले. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. यातला नायकही मुलींच्या शाळेत जीवशास्त्रच शिकवतो. त्यामुळे निव्वळ करमणूक म्हणून ती बघणं मला जमलं नाही, आणि हे परीक्षणही त्याच नजरेने लिहिलं आहे. पुढे शेवटापर्यंतची कथा येणार आहे. ज्यांना आधी बघायची असेल त्यांनी इथेच थांबावं.

ताकाओ हामुरा हा विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत रमणारा माणूस. त्याचं लग्न ठरलंय ते त्याच्या प्राध्यापकांच्या मुलीशी. संशोधन सुटतं आणि तो शाळेत रुजू होतो. पहिल्याच दिवशी स्टेशनच्या फाटकापाशी एक मुलगी मुदत संपलेल्या पासावरून अडवली गेलेली असते. तो मध्ये पडतो, तिला सोडवतो. ही मायु निनोमिया (साचिको साकुराई), त्याच्याच शाळेतली, आपल्याकडच्या अकरावीच्या वयाची. मायु त्याच्या मागे लागते, हसते, खोड्या काढते. तो आतून मोडलेला आहे हे तिच्या लगेच लक्षात येतं आणि 'मी तुम्हाला सांभाळीन' अशा अर्थाचं ती त्याला सांगते.

या एका वाक्याशी मी खूप वेळ अडकले. पहिल्यांदा ऐकताना ते गोड वाटतं. मग मायुच्या घरची गोष्ट उलगडत जाते. आई नाही, बाप नावाजलेला शिल्पकार, आणि तो स्वतःच्या मुलीचं लैंगिक शोषण करतोय. त्याला राक्षस म्हणून रंगवलेलं नाही. तो एकटा आहे, मुलीशिवाय त्याचं पान हलत नाही, आणि हे एकटेपण तो तिच्यावर लादतो. मोठ्या पुरुषाचं मन सांभाळणं हे मायु लहानपणापासून घरात शिकलेली आहे. घरी ते करायचं आणि शाळेत हामुराच्या बाबतीतही तेच करायचं. पंचवीस वर्षं वर्गात उभी राहिल्यावर अशा मुली ओळखता येतात. त्या फार समजूतदार असतात, बाईंचा चेहरा उतरला की त्यांना पहिल्यांदा कळतं, आणि सगळे त्यांचं कौतुक करतात. असा समजूतदारपणा दिसला की मला काळजी वाटायला लागते. नोजिमाने मायुत तो इतका अचूक पकडलाय की लेखक म्हणून त्याच्यापुढे हात जोडावेत.

पण हे सगळं दाखवून झाल्यावर मालिका हामुराच्या बाजूला जाऊन बसते, आणि माझं भांडण तिथे आहे.

मालिकेत तीन मोठे पुरुष आहेत. एक बाप. दुसरा इंग्रजीचा शिक्षक फुजिमुरा (मासाकी क्योमोतो): देखणा, मुलींचा लाडका. तो मायुच्या मैत्रिणीवर, नाओकोवर, बलात्कार करतो, त्याचं चित्रीकरण करतो आणि त्या टेपच्या धाकावर तिला मुठीत ठेवतो. तिसरा हामुरा. पहिल्या दोघांबद्दल प्रेक्षकाच्या मनात किंतु राहत नाही. हामुरावर मात्र मंद प्रकाश पडतो, मागे १९७६ चं एक हळवं गाणं वाजतं (ते या मालिकेमुळे पुन्हा गाजलं) आणि आपण विरघळतो. त्या दोघांपेक्षा हा चांगला, एवढंच आपल्या मनात उरतं. बाजूला दोन गुन्हेगार उभे केले की मधला माणूस आपोआप सज्जन दिसतो. तिघांनाही मायुच्या किंवा नाओकोच्या आयुष्यात प्रवेश मिळालाय तो अधिकाराच्या दारातून, हे मालिकेतलं कोणीच मोठ्याने म्हणत नाही. हामुराचं प्रेम खरं आहे, हे मी मान्य करते. पण ज्याच्याशिवाय जगात दुसरा कोणी मोठा माणूस विश्वासाचा नाही, त्याला 'नको' म्हणायचं असेल तर त्या मुलीने जायचं कुठे? बापाला ती नाही म्हणू शकली नाही. सरांना कशी म्हणणार?

त्याने काय करायला हवं होतं, हा प्रश्न मी स्टाफरूममध्येही काढला. एक सहकारी म्हणाले, 'अहो मॅडम, तेव्हा तिकडे तसा कायदा तरी कुठे होता?' त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. जपानच्या दंडसंहितेत संमतीचं वय तेव्हा १३ होतं, ते २०२३ मध्ये १६ झालं. अठराखालच्या मुलांसाठी प्रांतांचे स्वतःचे नियम होते, पण ते वेगळे. पालकाने आपल्या अधिकाराचा फायदा घेऊन अठराखालच्या मुलावर केलेला अत्याचार हा स्वतंत्र गुन्हा ठरला तो २०१७ मध्ये. मुलांच्या छळाविरुद्धचा वेगळा कायदा २००० चा. विद्यार्थ्यांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या शिक्षकांना पुन्हा वर्गात येण्यापासून रोखणारा कायदा तर २०२१ साली संमत झाला. याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की मालिका चालू होती तेव्हा जपानच्या कायद्याच्या पुस्तकात कलम २०० छापलेलं होतं: आईबापाचा किंवा आजी-आजोबांचा खून केला तर जन्मठेप किंवा फाशी, तिसरी शिक्षाच नाही. वर्षानुवर्षं बापाचे अत्याचार सोसून शेवटी त्याला ठार मारणाऱ्या तोचिगी प्रांतातल्या एका मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९७३ ला ते घटनाबाह्य ठरवलं. तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली, तीही स्थगित. कलम प्रत्यक्ष वगळलं गेलं १९९५ मध्ये. मायुसारखी घरं खरी होती आणि कायद्याचा कल बापाकडे होता, हे नोजिमाच्या प्रेक्षकांना परकं नव्हतं.

एवढं समजून घेऊनही मी हामुराला सोडत नाही. कायदा कच्चा असला तरी मुलीला त्या घरातून बाहेर काढून एखाद्या बाईमाणसाच्या, दुसऱ्या कुठल्या तरी विश्वासू घराच्या हवाली करता येतं आणि आपण स्वतः दोन पावलं मागे राहता येतं. हे मागे राहणं मालिकेला प्रेम वाटतच नाही. तिच्या लेखी जीव ओवाळून टाकणं म्हणजे प्रेम. म्हणून मग बापावर वार होतो, पळापळ होते, आणि सगळ्याची किंमत पुन्हा ती मुलगीच मोजते. आपल्याकडे पॉक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली संमतीचं वय १८ आहे, शिक्षकाने केलं तर गुन्हा अधिक गंभीर धरतात, आणि नुसतं माहीत असून कळवलं नाही तरी शिक्षा आहे. शाळांमध्ये तक्रारपेट्या आल्या, २०२२ पासून मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्याही. पेटीत चिठ्ठी टाकायला मुलीला बळ का येत नाही, हे समजायचं असेल तर मायु बघावी. ती कुणाकडे तक्रार करत नाही. हसते, सरांची चेष्टा करते आणि संध्याकाळी घरी जाते.

कलाकारीबद्दल थोडक्यात. सानादा विलक्षण आहे. माणूस खांदे पाडून वर्गात शिरतो आणि खडू कुठे ठेवावा हे त्याला कळत नाही, एवढ्यावर त्याने आख्खा माणूस उभा केलाय. साकुराईचं हसू अंगावर काटा आणतं. पीटीचा शिक्षक शिन्जो (हिदेकाझु आकाई) आडदांड, पण नाओकोच्या पाठीशी ज्या तऱ्हेने उभा राहतो ते पाहून मला भरून आलं. चित्र जुन्या चौकोनी पडद्याचं आहे, रंग उडालेले आहेत. दोन भागांनंतर त्याचं काही वाटत नाही. हामुराच्या वाग्दत्त वधूचं उपकथानक लांबलंय, तिथे मी चहा करून आले.

शेवटाबद्दल मात्र बोलायलाच हवं. निइगाताकडे, जपान समुद्राला अगदी चिकटून असलेल्या आओमिगावा स्टेशनच्या परिसरातली ती दृश्यं. गाडीत दोघं शेजारी बसलेली, करंगळ्यांना लाल दोरा बांधलेला, डोळे मिटलेले. झोपलीत की गेली, हे सांगितलेलं नाही. तीस वर्षं चाहते यावर वाद घालतायत. दृश्य म्हणून ते देखणं आहे यात शंका नाही. पण शोषणातून नुकती सुटलेली सतरा वर्षांची पोर मरणात इतकी सुंदर दिसावी, हा आग्रह मला सहन झाला नाही. तिने जगायला हवं होतं. कुठल्या तरी गावात, हामुराशिवाय, स्वतःच्या पासावर प्रवास करत. असा शेवट लिहिणं अवघड होतं, पण नोजिमाच्या ताकदीच्या लेखकाकडून तेवढी अपेक्षा मी ठेवणारच.

कोणी बघावी? शिक्षकांनी जरूर, शिक्षिकांनीही. अकरावी-बारावीच्या मुलांना एकट्याने बघायला देऊ नये. बघितली तर घरात कोणीतरी त्यांच्याशी बोलायला हवं, कारण गाणं आणि सानादा दोन्ही फार मोहात पाडतात. ज्यांनी असलं काही सोसलंय त्यांनी नाओकोच्या टेपचा भाग आणि मायुच्या घरातले प्रसंग येणार आहेत हे आधी ध्यानात घ्यावं. याच नावाने २००३ मध्ये नाओहितो फुजिकी आणि आया उएतो यांना घेऊन दुसरी मालिका निघाली. एकच बघायची असेल तर १९९३ ची बघा.