पाठ केलेली प्रार्थना की मनातली?

मुलाला प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) पाठ करून द्यावी की स्वतःच्या शब्दांत बोलू द्यावं, असं एका आईने विचारलं.

मेहनत पाठांतराला कमी. बायबलमधली मत्तय 6:9-13 ही जेमतेम पाच वचनं, रोज झोपताना सोबत म्हटली की तोंडी बसतात. टिकतातही, घाबरलेल्या मुलाला काही सुचत नाही तेव्हा तेच शब्द धावून येतात.

आचरणात मात्र पारडं फिरतं. क्षमेची ओळ घडाघडा म्हणणारं मूल बहिणीशी अबोला धरून बसतं (मोठेही धरतात म्हणा). ‘देवा, मी तिला ढकललं’ असं स्वतः बोललेलं मूल उठून तिच्याकडे जाण्याची शक्यता जास्त. पण इथे मोठ्यांना रोज शेजारी बसावं लागतं, नाहीतर नुसती मागण्यांची यादी होते.

लहान, लाजाळू मुलाला आणि उपासनेत सर्वांबरोबर म्हणायला पाठ केलेली बरी. बोलक्या, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मनातली.